इशेनबायचं वाक्य

गावात कुणाचं माणूस गेलं की ती बातमी घरच्यांना सांगायचं काम कालमुरातकडे यायचं. ते त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं आणि त्यानं हौसेनं घेतलेलंही नव्हतं. तरुणपणी लग्नांत, मेजवान्यांत बोलून बोलून त्यानं नाव कमावलं, आणि ज्याची जीभ गोड त्यानंच कडू घोट पाजावा असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. गावाला काय, ठरवायला पैसे पडत नाहीत.

रीत जुनी होती. बातमी तोंडावर फेकायची नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मिळून जायचं, डोक्यावर पांढरे कल्पाक घालून बसायचं, चहाला हात लावायचा नाही. मग कुठल्या तरी उडून गेलेल्या ससाण्याची, दोर तोडून गेलेल्या घोड्याची गोष्ट काढायची आणि ऐकणाऱ्याला हळूहळू कड्याच्या टोकापर्यंत न्यायचं. गेलेल्याचं नाव सांगणाऱ्यानं घ्यायचं नाही. ते ऐकणाऱ्याच्याच तोंडून यायला हवं. मग सगळ्यांनी एकदम रडायचं.

सोमवारी सकाळी इशेनबायची सून उमसुनाई दाराशी आली तेव्हा कालमुरात खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. तिचा चेहरा पाहूनच त्यानं हातातला दाभण खाली ठेवला.

"आके," वडीलधाऱ्याला म्हणतात तशी ती म्हणाली, "यांचं... तिकडे रशियात... परांचीवरून..."

डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून ती चौकटीला टेकून उभी राहिली. कालमुरातला उरलेलं कळलं. नुरदीन! इशेनबायचा एकुलता एक मुलगा. लहानपणी त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं ते कालमुरातनंच.

"केव्हा, पोरी?"

"गुरुवारी. मला काल संध्याकाळी फोन आला. तिकडची आपली पोरं आणताहेत त्यांना, उद्या पोचतील. अताकेंना अजून काही माहीत नाही." सासऱ्याला ती अताके म्हणायची. तिनं डोळे कोरडे केले. "रात्रभर तोंडात उशी धरून पडले होते, आके. सकाळी त्यांना चहा करून दिला. तुम्ही सांगितल्याशिवाय मला रडताही येत नाही हो."

हे तिनं काही बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. माणूस गेलं की अंगणात नमद्याचं गोल घर उभारायचं, आणि बायकांनी त्यात बसून, भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं शोक करायचा, अशी रीत. त्या घराच्या काठ्या आणि नमदे चुलतभावांनी गाडीत भरून शेजारच्या गोठ्यामागे आणून ठेवलेही होते. पण इशेनबायचे पाय दोन वर्षांपासून गेलेले, खाट खिडकीशी, आणि खिडकीतून सगळं अंगण दिसायचं. बापाला कळेपर्यंत गाडी गोठ्यामागेच उभी राहणार होती.

"दुसरं कुणी नाही का गं चालणार?" कालमुरात म्हणाला. "काल आमचं वाजलंय. माझं तोंडही बघायचं नाही म्हणालाय तो."

"तुमचं रोजच वाजतं," उमसुनाई म्हणाली.

ते मात्र खरं होतं. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच शाळेत मार खाल्लेले. रोज दुपारी इशेनबायच्या खाटेशी बसून नऊ खळग्यांचा पट मांडायचे, खड्यांवरून भांडायचे आणि खडे संपले की राज्यघटनेवरून भांडायचे. कारण देश नवा झाला तेव्हा पहिली राज्यघटना ज्या सभेनं लिहिली, त्या सभेत या खोऱ्यातून इशेनबाय निवडून गेला होता. एवढ्या मोठ्या घटनेत त्याचं असं एकच वाक्य होतं: परमुलखात असलेल्या प्रत्येक नागरिकाच्या पाठीशी देश उभा राहील.

त्या वेळी सभा हसली होती. "आपला माणूस जातो कुठे, अक्साकाल? फार तर डोंगरापलीकडच्या कुरणात!" असं कुणीसं म्हणालं; अक्साकाल म्हणजे पांढरी दाढी, आणि इशेनबायची दाढी तेव्हा पांढरीही झालेली नव्हती. पण तो हटला नाही. त्याचा बाप लढाईत परमुलखात कैद झाला आणि कुठल्या मातीत गेला ते कुणी कळवलं नाही. आई मरेपर्यंत दर सणाला एक वाटी जास्तीची मांडायची. इशेनबायनं सभेत ती वाटी सांगितली, आणि हसणारे गप्प बसले. वाक्य घटनेत आलं.

गावी परतला तेव्हा कालमुरातनं त्याच्यासाठी मेंढा कापला आणि भर पंगतीत विचारलं, "राजधानीत एवढा राहिलास आणि एक वाक्य घेऊन आलास? लेका, रस्ता तरी आणायचास!" तेव्हापासून गावात इशेनबायचं नाव 'वाक्यवाला' पडलं. पुढे दहा वर्षांत निम्मं गाव कामासाठी रशियात गेलं, नुरदीनही गेला, तेव्हा त्या नावानं हसणारे कमी झाले. रस्ता अजूनही नाहीच.

घटना मात्र एका जागी स्वस्थ बसली नाही. जो सत्तेवर येई त्याला ती कुठे ना कुठे टोचे, आणि मग दुरुस्ती, मग सार्वमत, मग शाळेत पेटी, दारात वाजंत्री आणि तळलेले गरम गरम बोरसोक. राजा बोले, दळ हाले. कालमुरातनं दर वेळी 'होय'वर खूण केली, इशेनबायनं दर वेळी वाचून मग केली. या वेळच्या दुरुस्त्यांचं गाठोडं मोठं होतं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचं काही चांगलं, कुरणांचं काही बरं, अध्यक्षांच्या अधिकारांचं बरंच काही, आणि या सगळ्याला मिळून एकच प्रश्न, होय की नाही. इशेनबायचं वाक्य त्या गाठोड्यात तळाशी होतं. माणसाच्या हक्कांच्या भागातून ते उचललं होतं, परराष्ट्र कारभाराच्या भागात नेऊन ठेवलं होतं आणि त्यात तीन शब्द घातले होते: 'शक्य असेल तेथे'.

काल, रविवारी, दोन शिक्षिका पेटी घेऊन घरी आल्या. इशेनबायनं खाटेवर बसून मत दिलं. कालमुरात सकाळीच शाळेत जाऊन देऊन आला होता. पट मांडलेला होता.

"काय केलंस?" इशेनबायनं विचारलं.

"तू केलंस त्याच्या उलट."

"माहीत होतं. वारा पाहून पाठ फिरवणारा माणूस तू."

"अरे, नातू नुकता गावच्या कचेरीत लागलाय. शिवाय पेन्शनीचं चांगलं आहे त्यात. तीन शब्दांसाठी सगळं गाठोडं फेकून देऊ? तीन शब्दांनी काय आभाळ कोसळतं?"

"निकाह लागताना मुल्लासमोर काय म्हणाला होतास? 'शक्य असेल तेथे नांदवीन' असं म्हणाला होतास?"

उमसुनाई चहा ओतता ओतता हसली होती. फोन यायला अजून चार-पाच तास होते.

"आणि भाग का बदलला?" इशेनबाय तापला. "आधी देश कसा असावा ते लिहिलंय, मग माणसाला काय मिळावं ते, आणि मग कुठे राज्य कुणी करावं ते. देश, मग माणूस, मग कारभारी. या क्रमासाठी आम्ही घसा बसेपर्यंत भांडलो. माझं वाक्य माणसाशेजारी होतं. ते उचलून कारभाऱ्यांच्या खोलीत ठेवलं यांनी. ते तिथे धूळ खात पडेल."

"तू आणि तुझं वाक्य! माणसाला माणूस उपयोगी पडतो, कागद नव्हे."

इथे इशेनबायनं पट उलटवला. खडे खाटेखाली गेले. "ऊठ! निघ इथून. तोंड दाखवू नकोस. आणि उद्या निकाल लागला ना, की रीतसर ये. जाकिप मुल्लाला घे, बेकतूरला घे, कल्पाक घाला आणि बसा माझ्यासमोर. माणूस मेल्याची बातमी देतात तशी दे मला. चहा मिळणार नाही!"

कालमुरात तणतणत घरी गेला होता. आणि आज सकाळी तो जाकिप मुल्लाला घेऊन, बेकतूरला घेऊन, कल्पाक घालून त्याच चिखलातून परत चालला होता. बेकतूर मेंढपाळ, बोलणं कमी; तो फक्त एकदा म्हणाला, "माझ्या पोराचं तूच सांगितलं होतंस. नीट सांगितलं होतंस." कालमुरातला त्यानं धीर आला नाही.

दाराबाहेर त्यानं बूट काढले. आत रेडिओ चालू होता. पहिलं वाक्य त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं, दोर तोडून गेलेल्या घोड्याचं. आत शिरताना तो ते मनात घोळवत होता, म्हणून इशेनबायकडे त्यानं पाहिलंच नाही.

"आलास!" इशेनबाय ओरडला. "अरे, खरंच आलास! आणि घेऊन आलास सगळ्यांना!"

कालमुरातनं वर पाहिलं. इशेनबाय उशीला टेकून बसला होता आणि त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यानं हात लांबवून रेडिओ बंद केला.

"बसा, बसा. सांगायची तसदी घेऊ नका, ऐकलं मी. मंजूर झालं. आपल्या खोऱ्यात तर सगळ्यात जास्त 'होय' पडले म्हणे, शाबास! पण तू आलास, कालमुरात. मी रागानं बोललो होतो रे. मला वाटलं नव्हतं तू येशील."

तिघं बसले. कालमुरातच्या तोंडातला घोडा तोंडातच राहिला. त्यानं जाकिप मुल्लाकडे पाहिलं, मुल्लानं जमिनीकडे. त्या क्षणी कालमुरातनं बोलायला हवं होतं. पण समोर आपला मित्र हसत होता, यापुढे तो कधी हसणार नव्हता, आणि कालमुरातला ते हसू पुसवेना. भित्रेपणाच तो. दयेचं सोंग घेऊन येतो तेव्हा तो ओळखू येत नाही, एवढंच.

"हो," तो म्हणाला. "आलो."

"मुल्ला, तुम्हीसुद्धा? एका वाक्याच्या मयताला?" इशेनबायचे डोळे भरून आले. "लोक मला वाक्यवाला म्हणून हसत होते. हसू देत. पण आज गावानं ते माझं माणूस धरलं. मला दुसरं काय हवं? रडू नको बेकतूर, अरे, तू तरी रडू नको! माणसांनीच लिहिलेलं होतं ते, माणसांनी बदललं. उद्या आणखी कुणी येईल, ते तीन शब्द काढून टाकील. नुरदीनचा पोरगा काढील! काल दुपारीच सांगितलंय मी त्याला, शिक आणि सभेत जा. आणि नुरदीनला तर मी काही कळवणारच नाही. त्याचा फोन आला की म्हणेन, बाबा रे, तुझ्या पाठीशी आता देश शक्य असेल तेथे आहे, तेव्हा परांचीवर जरा जपून चढ."

तो स्वतःच हसला. बेकतूरनं कल्पाक डोळ्यांवर ओढला. आतल्या दाराशी उमसुनाई उभी होती. हातात रिकामी किटली, बोटं पांढरी पडलेली.

"सूनबाई, चहा नको हो!" इशेनबाय म्हणाला. "मी काल यांना बजावलं होतं, चहा मिळणार नाही म्हणून. रीत ती रीत. आणि तू कशाला डोळे लाल करून घेतलेस? वाक्य माझं गेलंय." मग तो कालमुरातकडे वळला. त्याला आता भांडणाची तहान लागली होती, रोजची. "बोल ना रे, वातकुक्कुटा! 'होय'वर खूण करून वर सांत्वनाला आलास. लाज वाटली नाही?"

"वाटली."

"पेन्शनीसाठी विकलंस ना माझं वाक्य?"

"विकलं."

"चूक झाली?"

"चूक झाली, इशेनबाय. तुझंच खरं होतं."

इशेनबाय पुढचा टोला द्यायला तोंड उघडून होता, तो तसाच थांबला. साठ वर्षांत कालमुरातनं आपली चूक कधी कबूल केली नव्हती. मेंढी चोरीला गेली तेव्हा नाही, निवडणूक हरला तेव्हा नाही, पटावर खडे लपवताना रंगेहाथ पकडला गेला तेव्हा तर नाहीच नाही. इशेनबाय त्याच्याकडे पाहत राहिला. मग मुल्लाच्या हातातल्या जपमाळेकडे, बेकतूरच्या ओल्या दाढीकडे, आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे. तिच्याकडे त्याला फार वेळ पाहवलं नाही.

"तू भांडत का नाहीस?" त्यानं हळूच विचारलं.

कालमुरातनं खाटेखालून कालचा एक खडा उचलला.

"कालमुरात, मी तुला शिव्या देतोय. तू उलटून का बोलत नाहीस?"

बाहेर कुठेतरी गोठ्यामागे घोडं फुरफुरलं. इशेनबायनं पांघरुणाची घडी नीट केली, उगाच, पुन्हा पुन्हा.

"मग सांग," तो म्हणाला. "ज्यासाठी आलास ते सांग. पण रीतीनं सांग. घाई करू नकोस. तू घाई केलीस तर मला ऐकता येणार नाही."

कालमुरातनं सांगितलं. इतक्या घरांत, इतक्या वर्षांत त्याचा आवाज कधी अडखळला नव्हता, तो आज अडखळला. "पाण्याला नेलेला घोडा होता, इशेनबाय. दोर चांगला होता, खुंटा चांगला होता. घोडा दूरच्या पाण्याला गेला. दोर तुटला. अशा घोड्याला काय म्हणावं?"

रीतीप्रमाणे आता ऐकणाऱ्यानं विचारायचं असतं. इशेनबायला ते ठाऊक होतं. बेकतूरच्या घरी तो कालमुरातच्या शेजारीच बसला होता.

"खोगीर तरी घरी आलं का?"

"वाटेवर आहे. उद्या पोचेल."

"घोडा म्हातारा होता की तरणा?"

"तरणा," कालमुरात म्हणाला.

इशेनबायनं डोळे मिटले. त्याचे ओठ दोनदा हलले. नाव त्यालाच घ्यायचं होतं.

"नुरदीन," तो म्हणाला. "माझा नुरदीन."

मग तिघंही म्हातारे रडले, मोठ्यानं, रडायला हवं तसं. इशेनबाय मात्र रडत नव्हता. त्याची नजर छताला लागली होती. मग त्यानं विचारलं, "कसं?"

"परांचीवरून पडला."

"आणतंय कोण?"

"तिकडची आपली पोरं. आपापसांत मिळून त्यांनी सगळं केलं."

"आणि वकिलात?"

वडीलधाऱ्यांसमोर, त्यातून सासऱ्यासमोर, या घरात सून आपण होऊन बोलत नसे. उमसुनाई बोलली.

"पोरं गेली होती, अताके. शुक्रवारी सकाळीच गेली. दिवसभर बसवून ठेवलं. मग एक जण बाहेर येऊन म्हणाला, शक्य असेल ते बघू. पुन्हा कुणी फोनसुद्धा केला नाही."

"शुक्रवारी," इशेनबाय म्हणाला.

"हो."

"मतदान तर रविवारी झालं."

कालमुरातच्या मनात कालपासून एक दगड होता. आज सकाळी नुरदीनचं ऐकल्यावर तो दसपट जड झाला होता. आपल्या खुणेनंच हे झालं, असं काहीसं खुळ्यासारखं त्याला वाटेभर वाटत आलं होतं. आता वाटलं, तसं असतं तर बरं झालं असतं. निदान रविवारपर्यंत ते वाक्य जिवंत होतं असं तरी या म्हाताऱ्याला म्हणता आलं असतं.

"म्हणजे ते आधीच गेलेलं होतं," इशेनबाय म्हणाला. "मला कुणी येऊन सांगितलंच नाही." त्यानं चाचपडत कालमुरातचा हात धरला. "तू काही केलं नाहीस रे. तुझ्या मतानं काही झालं नाही. उगाच माझ्या शिव्या खाल्ल्यास."

हे एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून कालमुरातनं आपले उरलेले सगळे दिवस देऊन टाकले असते.

इशेनबायनं मान वळवून सुनेकडे पाहिलं. "किटली ठेव खाली, पोरी," तो म्हणाला. "रड आता. मोठ्यानं रड. खूप धरून ठेवलंस."

किटली खाली पडली. उमसुनाईचा हंबरडा अंगणात गेला, कुंपणापार गेला, आणि गोठ्यामागे वाट पाहणाऱ्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. गाडी अंगणात आली. काठ्या उतरल्या, नमदे उलगडले, आणि दुपारच्या आत गोल घर उभं राहिलं.

मुलगा गेला की बापानं त्या घराच्या दाराशी, काठीवर ओणवं होऊन, येणाऱ्या प्रत्येकाला आपला शोक ऐकवायचा असतो. इशेनबाय म्हणाला, मी उभा राहणार. पाय नाहीत, असं त्याला कुणी म्हणालं नाही. चुलतभावांनी त्याला उचलून बाहेर आणलं, हातात काठी दिली, आणि कालमुरातनं त्याचा पट्टा मागून घट्ट धरला.

पहिला घोडेस्वार फाटकातून आत आला तेव्हा इशेनबाय रडायला लागला. "बाळा," तो रडत होता, "माझ्या बाळा, मी तुला सांगितलं होतं रे, जा म्हणून. घाबरू नकोस म्हणून. पाठीशी आहेत म्हणून."

तो सगळा दिवस माणसं येत राहिली. कालमुरातच्या हाताला मुंग्या आल्या, खांदा भरून आला. बेकतूर दोनदा येऊन म्हणाला, दे, थोडा वेळ मी धरतो. त्यानं दिलं नाही.